नोएडातील प्रसिद्धीचा व्यवहार : कॅसेटपासून रीलपर्यंत

यमुनेच्या पूर्व तीरावरील नोएडा हे शहर १७ एप्रिल १९७६ रोजी, आणीबाणी चालू असताना, एका सरकारी कायद्यातून जन्माला आले. दिल्लीच्या कडेने बेशिस्त पसरणाऱ्या वस्तीला आणि कारखान्यांना नदीपलीकडे आखीव भूखंड द्यावेत, या हेतूने उत्तर प्रदेश सरकारने ‘न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट अथॉरिटी’ स्थापन केली आणि या प्राधिकरणाच्या आद्याक्षरांचे पुढे गावाचे नाव झाले. ज्या शहरातल्या वस्त्यांना नावांऐवजी सेक्टरांचे आकडे मिळाले, त्या शहराला सांस्कृतिक इतिहास असेल असे सहसा कोणी धरून चालत नाही. परंतु माणसाची प्रसिद्धी हा माल कसा बनतो, कसा मोजला जातो आणि कोणत्या अटींवर विकला जातो, याचा अभ्यास करणाऱ्याला नोएडा टाळून पुढे जाता येत नाही.

या व्यवहाराचे आजचे रूप म्हणजे स्वतंत्र इन्फ्लुएन्सर, अर्थात कोणत्याही संस्थेचा नोकर नसलेली, समाजमाध्यमांवर स्वतःचा प्रेक्षक जमवलेली आणि त्या प्रेक्षकांसमोर एखाद्या कंपनीच्या मालाची शिफारस करण्याचा मोबदला घेणारी व्यक्ती. कंपनी आणि अशी व्यक्ती यांच्यातील कामाला व्यवसायाच्या बोलीत ‘ब्रँड कोलॅब’ म्हणतात. हा धंदा अगदी नवा असल्याचा समज सर्वत्र आहे आणि तो निम्माच खरा आहे. साधन नवे असले तरी भांडणाचे मुद्दे जुने आहेत : जाहिरातदार नेमके काय विकत घेतो, किती काळासाठी घेतो आणि त्याच्या बदल्यात कलावंताला आणखी कोणाकडे जाण्याची मनाई होते. प्रत्येक पिढीतील कलावंताची पत त्याने काय विकले यापेक्षा काय विकायचे राखून ठेवले यावर अधिक ठरत आली, असे या इतिहासावरून दिसते.

या परंपरेचा आरंभ मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. धारवाडमध्ये जन्मलेल्या, पदवीधर असलेल्या आणि मराठी रंगभूमीवरून चित्रपटात गेलेल्या लीला चिटणीस १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या आणि त्या साबणाची शिफारस करणाऱ्या पहिल्या भारतीय चित्रतारका ठरल्या. या व्यवहारात कंपनीने घेतले ते चेहऱ्याचे छायाचित्र आणि नाव. प्रेक्षक चित्रपटगृहाचा होता, छापील जागा वृत्तपत्राची होती आणि तारकेच्या हाती यांपैकी काहीच नव्हते. पुढची चाळीस वर्षे हीच घडी राहिली. तिला पहिला ठळक छेद क्रिकेटने दिला. सुनील गावसकर आणि सुमेध शहा यांनी १९८५ मध्ये ‘प्रोफेशनल मॅनेजमेंट ग्रुप’ ही संस्था काढली आणि खेळाडूच्या वतीने वाटाघाट करणारा व्यावसायिक मध्यस्थ भारतात रुजू लागला. दहा वर्षांनी, १९९५ मध्ये, मार्क मस्करेन्हस यांच्या ‘वर्ल्डटेल’ने सचिन तेंडुलकर यांच्याशी पाच वर्षांचा करार केला, ज्यात खेळाडूला ठरावीक रकमेची हमी होती आणि जाहिराती मिळवण्याची जोखीम मध्यस्थाच्या गळ्यात होती. हमी, मुदत आणि ‘एका प्रकारच्या मालात एकच कंपनी’ हा निर्बंध, या तिन्ही गोष्टी आजच्या रीलच्या करारातही जशाच्या तशा आहेत, फक्त रक्कम आणि मुदत आक्रसली आहे.

नोएडा या कथेत कॅसेटच्या वाटेने शिरते. दिल्लीच्या दर्यागंजमध्ये फळांच्या रसाचे दुकान चालवणाऱ्या कुटुंबातील गुलशन कुमार यांनी १९८३ मध्ये ‘सुपर कॅसेट्स इंडस्ट्रीज’ उभी केली आणि पुढे ‘टी-सीरिज’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या कंपनीचे बस्तान नोएडात बसले. तोवर ध्वनिमुद्रित संगीत ही बेताच्या मध्यमवर्गालाही जपून घ्यावी लागणारी वस्तू होती. स्वस्त कॅसेट पानाच्या टपरीवर आणि किराणा दुकानात ठेवून टी-सीरिजने तिचा बाजारच बदलला. या वाढीत १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील एका तरतुदीचा मोठा हात होता. मूळ ध्वनिमुद्रणाला काही काळ उलटल्यावर, मालकाला सूचना देऊन आणि ठरलेला मोबदला भरून, तेच गाणे दुसऱ्या आवाजात पुन्हा मुद्रित करण्याची मुभा कलम ५२ मध्ये होती, आणि तिच्या आधारे जुन्या गाण्यांच्या ‘व्हर्जन’ कॅसेटींचा पूर आला. जुन्या कंपन्यांना ही चोरी वाटली, नव्या गायकांना ती संधी वाटली आणि दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी समजण्यासारखे होते. गाणे एकाचे, आवाज दुसऱ्याचा आणि विकणारा तिसरा, अशी फोड या व्यवहारात प्रथमच सर्वसामान्य गिऱ्हाइकाच्याही लक्षात आली.

या टप्प्याचे सर्वांत बोलके उदाहरण अनुराधा पौडवाल यांचे आहे. कारवारमध्ये जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या या गायिकेला ‘कळत नकळत’ या मराठी चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, आणि ‘आशिकी’ (१९९०), ‘दिल है के मानता नहीं’ (१९९१) व ‘बेटा’ (१९९२) या टी-सीरिजचे संगीत असलेल्या चित्रपटांनी त्यांना सलग तीन फिल्मफेअर पुरस्कार मिळवून दिले. कीर्ती शिखरावर असताना त्यांनी यापुढे केवळ टी-सीरिजसाठी गाण्याचे ठरवले. आजच्या व्यवसायात ज्याला ‘एक्सक्लुझिव्हिटी’ म्हणतात, म्हणजे एका कंपनीशी बांधून घेऊन तिच्या प्रतिस्पर्ध्यांची दारे स्वतःहून बंद करणे, त्याचा हा नोएडाशी जोडलेला पहिला मोठा दाखला. कंपनीला एक ओळखीचा, घराघरांत पोचलेला आवाज मिळाला. गायिकेला कामाची खात्री आणि भक्तिसंगीताचा प्रचंड श्रोतृवर्ग मिळाला. मात्र बाहेरच्या निर्मात्यांची गाणी अर्थातच अन्य गायिकांकडे गेली, आणि १२ ऑगस्ट १९९७ रोजी मुंबईत गुलशन कुमार यांची हत्या झाल्यावर, ज्या माणसाच्या उत्साहावर ही बांधिलकी उभी होती तोच उरला नाही. या निर्णयाला चूक ठरवण्याचे कारण नाही, कारण भक्तिगीतांच्या त्या कॅसेटी आजही वाजतात. परंतु बांधून घेण्याची किंमत घेतलेल्या पैशांत मोजायची की हातातून गेलेल्या कामात, हा प्रश्न त्या काळी कोणी कागदावर मांडलेला दिसत नाही. आजचा जाणता इन्फ्लुएन्सर तो मांडतो : तीन महिने अन्य कोणत्याही केशतेलाची जाहिरात करू नये अशी अट आली, तर त्या तीन महिन्यांत केशतेलांकडून एरवी काय मिळाले असते याचा अंदाज काढून तो दरात घालतो, किंवा बंधन कंपन्यांची नावे घालून मर्यादित करून घेतो.

कॅसेटच्या जोडीने दुसरी घडण फिल्म सिटीची झाली. संदीप मारवाह यांच्या पुढाकाराने १९८० च्या दशकाच्या अखेरीस सेक्टर १६-ए मध्ये उभ्या राहिलेल्या या वसाहतीत चित्रपट थोडे आणि दूरचित्रवाणी फार, असे चित्र पुढे दिसले. १९९३ मध्ये तेथे चित्रपट व दूरचित्रवाणीचे शिक्षण देणारी संस्था निघाली आणि उपग्रह वाहिन्यांच्या लाटेत वृत्तवाहिन्यांची कार्यालये एकामागून एक तेथे आली. इन्फ्लुएन्सरच्या इतिहासात या वसाहतीचे महत्त्व वाहिन्यांपेक्षा मनुष्यबळाचे आहे. कॅमेरामन, संकलक, रंगभूषाकार, ताशी भाड्याने मिळणारा स्टुडिओ, दिव्यांचा संच पुरवणारा दुकानदार, हे सारे जिथे चालत जाण्याच्या अंतरावर मिळते तिथे एकट्या माणसालाही कंपनीला दाखवण्याजोगे काम उभे करता येते. नोव्हेंबर २००९ मध्ये दिल्ली मेट्रो नोएडात पोचल्यावर हा परिसर दिल्लीच्या पोरांच्या आवाक्यात आला.

तिसरे वळण पुन्हा टी-सीरिजमुळेच आले. यूट्यूबवर आपली गाणी विनापरवाना चढवली जातात म्हणून कंपनीने २००७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला होता. २०११ मध्ये तडजोड झाली आणि खटला लढणारी कंपनीच त्या मंचाची सर्वांत मोठी लाभार्थी बनली. २०१९ च्या वसंतात तिने ‘प्यूडीपाय’ या स्वीडिश यूट्यूबरला मागे टाकले, २९ मे २०१९ रोजी दहा कोटी वर्गणीदारांचा टप्पा गाठणारी ती जगातील पहिली वाहिनी झाली आणि जून २०२४ मध्ये ‘मिस्टर बीस्ट’ पुढे जाईपर्यंत अव्वल राहिली. त्या चढाओढीत एका बाजूला एकटा माणूस आणि दुसऱ्या बाजूला संगीताचे कोठार असलेली कंपनी उभी होती, म्हणून जगभरच्या तरुणांनी तिला धर्मयुद्धाचे स्वरूप दिले. नोएडातील स्वतंत्र कलावंतांना मात्र त्यातून व्यवहारी धडा मिळाला. मार्च २०१९ मध्ये फेसबुकने टी-सीरिजसह काही भारतीय संगीत कंपन्यांशी परवाना करार केले आणि सामान्य वापरकर्त्याला आपल्या चित्रफितीमागे हिंदी गाणे लावणे सोपे झाले. असा परवाना वैयक्तिक वापरासाठी असतो. पैसे घेऊन साबणाची शिफारस करणारी रील, म्हणजे इन्स्टाग्रामवरील छोटी उभी चित्रफीत, ही व्यापारी जाहिरात ठरते, आणि तिच्यामागे लावलेल्या चित्रपटगीताबद्दल संगीत कंपनी वेगळा मोबदला मागू शकते. म्हणून जाहिरातीच्या रीलमागे परवानामुक्त किंवा विकत घेतलेले संगीतच वापरावे लागते, आणि गाण्याच्या वादाची जबाबदारी कोणाची हे करारात स्वतंत्र कलमाने लिहून घ्यावे लागते. कंपनीच्या माणसाने ‘हेच गाणे ट्रेंडिंग आहे’ असे फोनवर सांगितले असेल तरीही.

एकट्या माणसाला हा व्यवहार स्वतःच्या अटींवर करता येतो याचा दिल्ली परिसरातील ठळक दाखला एका मराठी घरातला आहे. बडोद्यात मराठी कुटुंबात जन्मलेले आणि दिल्लीत वाढलेले भुवन बाम यांनी २०१५ मध्ये ‘बीबी की वाइन्स’ ही यूट्यूब वाहिनी सुरू केली. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर स्वतःच सगळ्या भूमिका करायच्या, हा तिचा साधा ढंग होता, आणि २०१८ मध्ये एक कोटी वर्गणीदार मिळवणारे ते पहिले एकटे भारतीय यूट्यूबर झाले. त्यांनी स्वतःची निर्मितीसंस्था काढली, व्यवस्थापक त्याच संस्थेत भागीदार म्हणून घेतला आणि २०२१ ची ‘ढिंढोरा’ ही मालिका स्वतःच्या वाहिनीवरच दाखवली. त्याच सुमारास, फेब्रुवारी २०१५ मध्ये, ठाण्याच्या प्राजक्ता कोळी यांनी खासगी रेडिओ वाहिनीतील कामानंतर ‘मोस्टलीसेन’ ही यूट्यूब वाहिनी सुरू केली. त्यांनी मात्र ‘वन डिजिटल एन्टरटेन्मेंट’ या व्यवस्थापन संस्थेच्या साथीने वाटचाल केली. दोन्ही वाटांनी माणसे मोठी झाली, त्यामुळे मध्यस्थ घ्यावा की न घ्यावा याला एकच उत्तर नाही. फरक हिशेबाचा आहे : व्यवस्थापन संस्था प्रत्येक कामातील टक्का घेते, पण दर ठरवणे, थकबाकीचा तगादा आणि नको ते काम नाकारण्याची अप्रियता स्वतःच्या अंगावर घेते. एक गोष्ट दोघांनाही लागू आहे. दोघांनीही आपली पात्रे, आपली वाहिनी आणि आपला प्रेक्षक कोणत्याही एका ब्रँडला विकला नाही. ब्रँडला त्यातील ठरावीक मिनिटे भाड्याने दिली.

नोएडातील स्वतंत्र इन्फ्लुएन्सरच्या दृष्टीने शहराच्या कारखान्यांचे महत्त्वही कमी नाही. सेक्टर ८१ मधील सॅमसंगच्या विस्तारित मोबाइल कारखान्याचे उद्घाटन ९ जुलै २०१८ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष मून जे-इन यांनी केले. ग्रेटर नोएडात ओप्पो आणि व्हिवो यांचे कारखाने आहेत. अशा कंपन्या आणि फोन समीक्षक यांच्यातील व्यवहाराचा एक आखीव शिरस्ता आहे. फोन बाजारात येण्याआधी कंपनी ‘रिव्ह्यू युनिट’, म्हणजे परीक्षणासाठीचा फोन, पाठवते आणि सोबत ‘एम्बार्गो’ घालते, म्हणजे अमुक तारखेच्या अमुक वाजेपर्यंत त्याविषयी एक अक्षर प्रसिद्ध करायचे नाही. या व्यवस्थेत पैशांची देवघेव नसली तरी लाभ असतो. नवखे इन्फ्लुएन्सर ज्याला ‘बार्टर’ म्हणतात, म्हणजे रोख मोबदल्याऐवजी माल घेऊन काम करणे, ते याच पद्धतीच्या जवळचे आहे, आणि सौंदर्यप्रसाधनांपासून उपाहारगृहांपर्यंत सर्वत्र चालते.

सरकारचे लक्ष या फुकटच्या मालाकडे उशिरा पण नेमके गेले. आयकर कायद्यात कलम १९४-आर घालण्यात आले आणि १ जुलै २०२२ पासून व्यवसायाच्या ओघात मिळालेल्या लाभावर, तो वर्षात वीस हजार रुपयांपुढे गेल्यास, देणाऱ्याने दहा टक्के उद्गम कर भरणे बंधनकारक झाले; उद्गम कर, म्हणजे पैसे हातात पडण्याआधीच कापला जाणारा कर. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १६ जून २०२२ च्या परिपत्रकात समाजमाध्यमांवरील प्रभावी व्यक्तींचा स्पष्ट उल्लेख करून सांगितले की, वापरून परत केलेली वस्तू लाभ ठरत नाही आणि ठेवून घेतलेली वस्तू ठरते. तीस हजारांचा फोन ठेवून घेतला तर तीन हजारांचा कर येतो, आणि लाभ पूर्णपणे वस्तुरूप असल्यास कर आधी भरल्याचे कंपनीला दाखवावे लागते. फोन हाती आहे, रोकड मात्र खिशातून जाते. म्हणून वस्तू परत केल्याची कुरियरची पावती जपून ठेवणे हा या धंद्यातला फारसा न शिकवला जाणारा शहाणपणा आहे.

हे काम मिळते कसे, हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात आणि त्याचे उत्तर तितके गूढ नाही. कंपनीचा विपणन विभाग किंवा त्याने नेमलेली जाहिरातसंस्था प्रथम ‘मीडिया किट’ मागते. हे काही पानांचे आत्मपरिचय-पत्रक असते आणि त्यात अनुयायांच्या संख्येपेक्षा अधिक वजन ‘इन्साइट्स’ना असते, म्हणजे मंचानेच पुरवलेल्या आकडेवारीला : चित्रफीत किती वेगळ्या व्यक्तींपर्यंत पोचली, त्यांपैकी किती जणांनी ती जपून ठेवली, प्रेक्षक कोणत्या शहरांतले आणि कोणत्या वयाचे. दक्षिण दिल्लीत दुकान असलेल्या कपड्यांच्या कंपनीला बिहारमधील दहा लाख प्रेक्षकांपेक्षा नोएडा-गाझियाबादमधील चाळीस हजार अधिक मोलाचे वाटू शकतात, आणि स्वतंत्र इन्फ्लुएन्सरची संधी नेमकी या फटीत असते. पुढे ‘ब्रीफ’ येते, म्हणजे काय सांगायचे, काय सांगायचे नाही आणि कोणता शब्द टाळायचा याचे टिपण. मग दरावर घासाघीस आणि शेवटी कागद.

हा कागद समोर ठेवून वाचला तर इतिहासाचे सगळे थर एकाच पानावर दिसतात. एक रील आणि तीन स्टोरी, म्हणजे इन्स्टाग्रामवरील तात्पुरत्या नोंदी, एवढे काम पहिल्या ओळीत असते. त्याखाली ‘दोन फेऱ्यांपर्यंत बदल’ असे लिहिलेले असते. ते नसेल तर कंपनी सहाव्यांदा पार्श्वभूमी बदलायला सांगते आणि फुकट सांगते. नंतर वापराचे कलम येते आणि बहुतेक नवखे तेथे नजर फिरवून पुढे जातात. कंपनी ही रील आपल्या पानावर दाखवू शकते का, तिला पैसे लावून जाहिरात म्हणून पसरवू शकते का, मेट्रो स्थानकावरील फलकावर तिच्यातले चित्र छापू शकते का आणि हे सारे किती महिने? कलावंताच्या नावाने चालणारी सशुल्क जाहिरात ही मूळ कामाइतकी, किंबहुना त्याहून अधिक किमतीची असू शकते, कारण तिचे आयुष्य महिनोन्‌महिने चालते आणि त्या काळात प्रतिस्पर्धी कंपनी त्या चेहऱ्याकडे वळत नाही.

कागद नसल्यास काय होते, याचे उत्तर १९५७ च्या त्याच कॉपीराइट कायद्यात आहे आणि ते कलावंताला सोयीचे नाही. कलम १७ नुसार, मोबदला देऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून छायाचित्र काढले किंवा चित्रपट बनवला, तर विरुद्ध करार नसल्यास त्या कृतीचा पहिला मालक सांगणारा ठरतो. चित्रफीतही कायद्याच्या भाषेत चित्रपटच असल्यामुळे, इन्फ्लुएन्सरने आपल्याच घरात, आपल्याच तोंडाने सांगितलेली जाहिरात कंपनीच्या मालकीची होऊ शकते. उलट, जे हक्क आपले आहेत ते दुसऱ्याला देण्याचे काम कलम १९ नुसार लेखीच व्हावे लागते, आणि त्या लेखात मुदत नसेल तर ती पाच वर्षे व प्रदेश नसेल तर तो भारत धरला जातो. ‘मालकी इन्फ्लुएन्सरकडे राहील, कंपनीला सहा महिन्यांसाठी समाजमाध्यमांवर वापराची परवानगी’ हे एक वाक्य करारात असले की दोन्ही कलमांचा निकाल लागतो. कायदेशीर लेखनाच्या प्रदेशात इतक्या थोड्या शब्दांना इतके मोल क्वचितच असते.

मोबदला वेळेवर न मिळणे ही या धंद्यातील सार्वत्रिक तक्रार. जाहिरातसंस्थेला कंपनीकडून पैसे येतील तेव्हा ती इन्फ्लुएन्सरला देईल, अशी साखळी असते आणि साखळीच्या टोकाचा माणूस सर्वांत शेवटी. यावर इलाज उद्योगखात्याच्या कायद्यात आहे, तो फार थोड्यांना माहीत आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात सेवा पुरवणारेही येतात. १ जुलै २०२० पासून सुरू झालेल्या ‘उद्यम’ संकेतस्थळावर एकट्या व्यक्तीलाही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करता येते, आणि नोंदलेल्या उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत व नसल्यास १५ दिवसांत देणे ग्राहकाला भाग आहे. उशीर झाल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. आयकरातील एका तरतुदीमुळे, सूक्ष्म व लघु उद्योगाचे बिल मुदतीत न भरणाऱ्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष देईपर्यंत वजा करून घेता येत नाही, त्यामुळे मार्च महिन्यात लेखा विभागाचे फोन आपोआप येऊ लागतात. दावा चालवणारी सुविधा परिषद पुरवठादाराच्या राज्यातील असते, ग्राहक देशात कोठेही असो; म्हणजे मुंबईच्या कंपनीशी वाद झालेल्या नोएडातील इन्फ्लुएन्सरला उत्तर प्रदेशातच अर्ज करता येतो. या शहराचा आरंभ लघुउद्योगांना जागा देण्यासाठी झाला होता, हे लक्षात घेतले तर यात फारसे विचित्र काही नाही. जीएसटीकडे मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात : वार्षिक उलाढाल वीस लाखांपुढे गेली की नोंदणी आणि अठरा टक्के कर लागू होतो, आणि कर बिलाच्या तारखेनुसार भरायचा असतो, पैसे आले की नाहीत याच्याशी सरकारला देणेघेणे नसते.

प्रेक्षकांच्या बाजूने नियम यायला वेळ लागला. जाहिरात उद्योगाने १९८५ मध्ये स्थापन केलेल्या ‘अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया’ने १४ जून २०२१ पासून इन्फ्लुएन्सरसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका लागू केली. पैसे, माल किंवा अन्य लाभ घेतला असेल तर शिफारशीवर ‘जाहिरात’ किंवा तशाच अर्थाची चिठ्ठी लावायची. पंधरा सेकंदांपर्यंतच्या चित्रफितीत ती किमान तीन सेकंद दिसावी, दोन मिनिटांपर्यंतच्या फितीत एकतृतीयांश वेळ आणि त्याहून मोठ्या फितीत ज्या भागात ब्रँडचा उल्लेख आहे तो पूर्ण भाग. ही शिस्त उद्योगाची स्वतःची होती. कायद्याचा दंडा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आणि त्याखालील जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी दिला. २० जानेवारी २०२३ रोजी ग्राहक व्यवहार विभागाने प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत इन्फ्लुएन्सरने ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत खुलासा करावा असे सांगितले, म्हणजे मराठी रीलवर मराठीतच. दिशाभूल करणाऱ्या शिफारशीबद्दल पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत, नंतर पन्नास लाखांपर्यंत दंड आणि पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत, नंतर तीन वर्षांपर्यंत शिफारशींवर बंदी अशी तरतूद आहे. परंतु दाव्याची खातरजमा पुरेशा काळजीने केली असेल तर दंड टळतो. कंपनीकडून मिळालेला प्रयोगशाळेचा अहवाल, प्रश्न विचारलेला ईमेल आणि त्याचे उत्तर सांभाळून ठेवणे, हा म्हणूनच नुसता नीटनेटकेपणा नव्हे. बँकिंग, विमा व आरोग्य या विषयांत तर २०२३ पासून शैक्षणिक पात्रता दाखवण्याची अपेक्षा आली.

मंचावरच सारे अवलंबून असण्याचा धोका २९ जून २०२० रोजी उघड झाला. केंद्र सरकारने त्या दिवशी टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली आणि लाखो अनुयायी असलेल्यांचा व्यवसाय रातोरात बसला. ज्यांच्या करारात ‘मंच बंद पडल्यास काम दुसऱ्या मंचावर’ अशी तरतूद नव्हती त्यांची उरलेली बिले अडकण्याची भीती होती. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील आणली, आणि ज्यांनी आपला प्रेक्षक आधीच दोन-तीन ठिकाणी पसरवला होता ते उभे राहिले.

या इतिहासातील अलीकडचे पान राज्यसत्तेने लिहिले आहे. उत्तर प्रदेशच्या मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केलेल्या डिजिटल माध्यम धोरणात, शासकीय योजनांची माहिती देणाऱ्या समाजमाध्यमकर्त्यांना अनुयायांच्या संख्येनुसार चार गटांत विभागून मोबदल्याच्या कमाल मासिक मर्यादा ठरवल्या : एक्स, फेसबुक व इन्स्टाग्रामसाठी पाच, चार, तीन आणि दोन लाख रुपये; यूट्यूबवरील चित्रफितींसाठी आठ, सात, सहा आणि चार लाख. आक्षेपार्ह मजकुरावर कारवाईची तरतूदही त्याच धोरणात असल्यामुळे टीका झाली आणि ती अपेक्षितच होती, कारण येथे जाहिरातदार आणि नियंत्रक एकच आहे. परंतु व्यवसायाच्या दृष्टीने त्यातील विलक्षण गोष्ट वेगळी आहे. खासगी कंपन्या आपले दर सहसा उघड करत नाहीत आणि प्रत्येक इन्फ्लुएन्सर अंधारात घासाघीस करतो. येथे मात्र एका मोठ्या ग्राहकाने कमाल दर छापून जाहीर केले, आणि नोएडातील एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीशी वाटाघाट करणाऱ्या माणसाच्या हाती एक आकडा पडला. त्या आकड्यामागचा प्रेक्षक कोणत्या गावचा, काय विकत घेणारा आणि किती विश्वास ठेवणारा, याची नोंद मात्र कोठेही नाही.